राणी जान देव्र हिची प्रार्थनापोथी

फ्रान्सचा राजा चौथा शार्ल याने तिसरी राणी जान देव्र हिच्यासाठी करवून घेतलेली लॅटिन प्रार्थनापोथी. पॅरिस, सु. १३२४–२८. चित्रकार जाँ प्यूसेल. आकार सु. ९ × ६ सेंमी., म्हणजे तळहातात सहज मावेल एवढा. तरी पाने २०९ आणि पानभर चित्रे २५.

पोथीत संतदिनांची दिनदर्शिका, दिवसातील आठ नेमक्या वेळी म्हणायच्या मेरीच्या प्रार्थना, पश्चात्तापाची स्तोत्रे आणि संत लुईच्या प्रार्थना आहेत. संत लुई म्हणजे नववा लुई, राजा-राणी दोघांचाही पणजोबा. त्याला १२९७ मध्ये संतपद मिळाले होते. त्यामुळे इथे भक्तीला घराण्याच्या अभिमानाची जोड आहे.

अशा पोथीच्या चर्मपत्रासाठी कातडे चुन्याच्या पाण्यात भिजवून केस काढत, मग चौकटीवर ताणून खरवडत. आधी मजकूर, मग सोने, शेवटी रंग हा क्रम कारखान्यांत सहसा मोडत नसत. रंग आधी भरला तर वर्खाचे कण त्याला चिकटतात आणि सोने घोटताना रंग पुसटतो. उठावाच्या सोन्याखाली जिप्सम व सरसाचा लेप असे. त्यावर तोंडाची वाफ सोडून वर्ख बसवत. लेप कोरडा पडला तर वर्ख धरत नाही, ओला राहिला तर घोटताना निसटतो. चर्मपत्र दमट हवेत फुगते आणि कोरड्या हवेत आकसते, म्हणून जाड रंगाचे पापुद्रे सुटतात. प्यूसेलने आकृत्या करड्या शाईच्या पातळ थरांनी घडवल्या, तेथे ही भीती कमी. रंग मुख्यतः पार्श्वभूमीला दिले. त्यामुळे माणसे हस्तिदंतात कोरल्यासारखी उठून दिसतात.

पहाटेच्या प्रार्थनेचे दुपान, म्हणजे समोरासमोरची दोन पाने, सर्वांत सुंदर. डावीकडे ख्रिस्ताची अटक. उजवीकडे देवदूत मेरीला तिच्या पोटी येशू जन्मणार ही शुभवार्ता सांगतो. मेरीची खोली बाहुलीच्या घरासारखी समोरून उघडी आहे. खोलीचा हा आभास इटलीतून, चित्रकार दुच्चोच्या चित्रांवरून आला. खालच्या आद्याक्षरात (मजकुराच्या सजवलेल्या पहिल्या अक्षरात) राणी स्वतः पुस्तक घेऊन गुडघ्यांवर बसली आहे. तळाशी एक खेळ चालला आहे: मध्ये बसलेल्या गड्याला भोवतालचे टपला मारतात. समोरच्या पानावर ख्रिस्ताला घेरणाऱ्या जमावाचा हा पडसाद मानतात.

पोथीवर चित्रकाराची सही नाही. राणीच्या मृत्युपत्रात मात्र प्यूसेलने रंगवलेल्या अगदी छोट्या प्रार्थनापोथीचा उल्लेख आहे, आणि श्रेय त्यावरच उभे आहे. १३७१ मध्ये राणी वारल्यावर पोथी राजा पाचव्या शार्लकडे, पुढे त्याचा भाऊ बेरीचा ड्यूक याच्याकडे गेली. १९५४ पासून ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या क्लॉइस्टर्स शाखेत आहे.