रेडशर्ट म्हणजे ड्रॉप नव्हे

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलची गोष्ट निघाली की कुणीतरी म्हणतंच, ‘पोराने पहिल्या वर्षी ड्रॉप घेतला.’ नाही घेतला! तो रेडशर्ट होता.

ड्रॉप आपल्याला समजावायला नको. बारावीनंतर नीट नाहीतर जेईईसाठी वर्षभर घरी, कॉलेज नाही की हजेरी नाही.

रेडशर्ट मुलगा कॉलेजातच असतो. तास, परीक्षा, पास होणं काही सुटत नाही. शिष्यवृत्ती असेल तर तीही चालू. व्यायाम, सराव, सामन्यांचे व्हिडिओ सगळं इतरांसारखंच. बऱ्याचदा तो ‘स्काउट टीम’मध्ये असतो, म्हणजे पुढच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करत आपल्याच मुख्य संघाचे धक्के खातो. फक्त सामन्यात सहसा उतरत नाही.

आता खरी मेख. एनसीएए म्हणजे कॉलेज खेळांचे नियम ठरवणारी संघटना. तिच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे सर्वांत वरच्या गटात, हिशेब दोन आहेत: खेळायला चार हंगाम, आणि ते संपवायला पाच वर्षं. रेडशर्टमुळे हंगाम वाचतो, पाच वर्षांचं घड्याळ मात्र चालूच राहतं. म्हणून ‘एक वर्ष वाढवून मिळालं’ हेही चूकच. हाताशी असलेल्या पाचांतलं एक वर्ष सामन्यांविना काढलं, एवढंच. पूर्वी एका डावापुरता उतरला तरी हंगाम खर्ची पडायचा, दुखापतीचा अपवाद सोडून. 2018 मध्ये चार सामन्यांपर्यंत खेळूनही हंगाम वाचवायची मुभा मिळाली.

‘रेडशर्ट फ्रेशमन’ (फ्रेशमन म्हणजे पहिल्या वर्षाचा) हे बिरुद त्यातूनच आलं: अभ्यासात दुसऱ्या वर्षाला, मैदानावर पहिल्या. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचा जॉनी मॅन्झिएल 2011 मध्ये रेडशर्ट होता. 2012 मध्ये त्याने हाइजमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, जिंकली, आणि ती जिंकणारा पहिला फ्रेशमन ठरला. ड्रॉप समजून बसलात तर या वाक्याचा अर्थच लागणार नाही.

वॉक-ऑनची गल्लतही होते, पण ती एका ओळीत सुटते: वॉक-ऑन म्हणजे खेळाच्या शिष्यवृत्तीविना संघात आलेला. तो पैशाचा प्रश्न, हा हंगामांचा; एकच मुलगा दोन्ही असू शकतो.

आणि कृपा करून ‘राखीव खेळाडू’ असं भाषांतर करू नका. राखीव खेळाडू गरज पडली की उतरतो. इथे न उतरवण्याचाच बेत असतो. लाइनमनच्या, म्हणजे पुढच्या फळीत समोरच्याला रेटणाऱ्या खेळाडूच्या, बाबतीत तर मला हा बेत सक्तीचा वाटतो. शाळेतून नुकत्याच आलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला बाविशीतल्या, एकशे छत्तीस किलोच्या गड्यासमोर पहिल्याच वर्षी उभं करू नये.