पार्श्वभूमी : सोसायटीची गच्ची आणि ३०० युनिटांची रेघ

ठाण्यात घोडबंदर रोड असो, कोलशेत असो, नवी मुंबईत नेरूळ असो की खारघर, गृहनिर्माण सोसायट्यांच्या सप्टेंबरअखेरच्या वार्षिक सभांत सध्या सोलरचा विषय हमखास येतो. आणि कोणी ना कोणी हमखास विचारतो, "उरलेली वीज विकून महिन्याला किती सुटतील?" जवळजवळ काहीच नाही, असं उत्तर मिळालं की सभा हिरमुसते. सोसायटीच्या सोलरमधली कमाई वीज विकण्यात कधीच नव्हती. महागडी वीज विकत घ्यावी लागत नाही, यात ती होती. गेल्या दहा वर्षांत जी भांडणं झाली ती सगळी या एकाच मुद्द्याभोवती फिरली आहेत, म्हणून आधी तो मुद्दा.

लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले दिवे हे सगळं सोसायटीच्या कॉमन मीटरवर चालतं. हे कनेक्शन घरगुती दरातच मोडतं. पण घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो: १०० युनिटांपर्यंत एक, मग ३००, मग ५०० आणि त्यापुढे. दोन लिफ्टच्या इमारतीचा कॉमन मीटर पहिल्या काही दिवसांतच ५०० ओलांडतो आणि उरलेला महिना सगळ्यात वरच्या टप्प्यात जळत राहतो. तिथला दर पहिल्या टप्प्याच्या जवळपास तिप्पट. म्हणजे गच्चीवर तयार झालेलं प्रत्येक युनिट सोसायटीचं सगळ्यात महागडं युनिट वाचवतं. वन बीएचकेत महिन्याला ९० युनिटं वापरणाऱ्या कुटुंबाला हे गणित लागू होत नाही. त्याचं वाचणारं युनिट स्वस्तातलं असतं, आणि गच्चीही त्याच्या एकट्याची नसते.

सौरऊर्जेशी ठाण्याची ओळख या दहा वर्षांच्याही आधीची, पण ती गरम पाण्यापुरती. दोन हजारच्या दशकात नव्या इमारतींना सौर बंब बंधनकारक झाले. बिल्डरने भोगवटा प्रमाणपत्रापुरते बसवलेले ते बंब आज कित्येक गच्च्यांवर फुटक्या नळ्या आणि गंजलेल्या टाक्यांसकट पडून आहेत, आणि पॅनेलला हवी असलेली दक्षिणेकडची मोक्याची जागा नेमकी त्यांनी अडवलेली असते. २०१० मध्ये राष्ट्रीय सौर मिशन सुरू झालं. २०१५ मध्ये त्याचं उद्दिष्ट एक लाख मेगावॉटवर नेलं आणि त्यातले ४० हजार छतांवरून येतील असं ठरलं. या आकड्यांचा ठाण्याच्या गच्च्यांशी तेव्हा फारसा संबंध नव्हता.

सहकारी तत्त्वावर वीज वाटायचा प्रयोगही महाराष्ट्राने फार आधी केला. राहुरी-श्रीरामपूर पट्ट्यातली सहकारी वीज संस्था चार दशकं गावांना वीज देत होती. थकबाकीचे वाद विकोपाला गेले आणि २०११ च्या जानेवारीअखेर तिचा परवाना संपला. २०१६ मध्ये गुजरातच्या खेडा जिल्ह्यात ढुंडी गावच्या शेतकऱ्यांनी सौरपंपांची सहकारी संस्था काढून उरलेली वीज वितरण कंपनीला विकायला सुरुवात केली. तिथे संस्था खरोखरच विक्रेती आहे. ठाणे-नवी मुंबईतली सहकारी गृहनिर्माण संस्था वीज विकत नाही आणि वाटतही नाही. ती गच्चीची मालक आहे आणि एका मीटरची ग्राहक आहे, इतकंच.

महाराष्ट्रात नेट मीटरिंगचे नियम आले ते सप्टेंबर २०१५ मध्ये. व्यवहार साधा होता. दिवसा जास्तीची वीज ग्रीडमध्ये, म्हणजे वितरण कंपनीच्या तारांच्या जाळ्यात जाते, रात्री तेवढीच परत घ्यायची, बिल फक्त फरकाचं. महिन्याअखेर शिल्लक राहिली तर ती पुढच्या महिन्यात, असं करत ३१ मार्चपर्यंत. त्या दिवशी उरलेल्या युनिटांचे पैसे कंपनी देते, पण राज्याच्या वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या खरेदीदराने. तो दर आपण भरतो त्या दरापेक्षा पुष्कळ कमी असतो, म्हणून मुरलेला ठेकेदार वर्षभराच्या वापरापेक्षा मोठा प्लांट बसवू देत नाही. शिवाय एप्रिल-मेमध्ये साठलेली युनिटं पावसाळ्यात कामी येतात, कारण जुलैत ठाण्याचं आभाळ उघडतंच कुठे! सरासरी धरली तर एक किलोवॉटला दिवसाला चार युनिटांच्या आसपास वीज आणि साधारण १०० चौरस फूट जागा. ३० किलोवॉटचा प्लांट म्हणजे महिन्याला सरासरी साडेतीन हजार युनिटं. मध्यम आकाराच्या सोसायटीचं कॉमन बिल त्यात बऱ्यापैकी आटोक्यात येतं.

या हिशोबावर २०१६ ते २०१९ मध्ये सोसायट्या पुढे आल्या. आणि मग ऑक्टोबर २०१९ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या धामधुमीत, आयोगाच्या नव्या नियमांचा मसुदा आला.

मसुद्याचा गाभा होता महिन्याला ३०० युनिटांची रेघ. रेघेच्या आतल्यांना नेट मीटरिंग, म्हणजे युनिटाला युनिट. त्यापुढच्यांना नेट बिलिंग: गच्चीवर तयार झालेली वीज कंपनी ठराविक दराने घेणार आणि ग्राहकाने वापरलेली वीज नेहमीच्या दराने त्याच्या बिलात लागणार. ऐकायला वाजवी वाटतं. मोठ्या बंगलेवाल्याला सवलत कशाला, गरिबाला द्या. पण मसुदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ग्राहक म्हणजे एक घर होतं. कॉमन मीटर हा दीड-दोनशे कुटुंबांचा मिळून असतो आणि तो ३०० युनिटं दोन-तीन दिवसांत पार करतो. म्हणजे ज्या घरगुती ग्राहकांना सोलर खरोखर परवडत होतं, नेमके तेच रेघेबाहेर गेले. आणि आत राहिले ते कोण? ज्यांचं वाचणारं युनिट इतकं स्वस्त की प्लांटचे पैसे फिटायला उभी हयात जावी. नेट बिलिंगमध्ये सोसायटीच्या हाती प्रत्येक युनिटामागे वरच्या टप्प्याच्या दराऐवजी कंपनीचा खरेदीदर आला असता. चार-पाच वर्षांत फिटणारी गुंतवणूक दुपटीहून लांबली असती.

कंपनीचीही बाजू होती, आणि ती पोकळ नव्हती. वरच्या टप्प्यातले ग्राहक जास्त दर भरतात त्यातून खालच्या टप्प्यातल्यांचा आणि शेतीचा दर सावरला जातो. तेच ग्राहक सोलर लावून निसटले तर भार उरलेल्यांवर पडणार. दुसरं, दुपारी ग्रीडमध्ये येणारी वीज आणि संध्याकाळी सातला मागितलेली वीज यांची किंमत सारखी नाही. सोलरवाला दुपारचं स्वस्त युनिट देऊन रात्रीचं महाग युनिट नेतो आणि तारांचं जाळं बॅटरीसारखं फुकट वापरतो. यातला दुसरा मुद्दा तांत्रिकदृष्ट्या बिनतोड आहे. पण त्यावर उपाय म्हणून ३०० युनिटांची रेघ मारणं मात्र आडमुठेपणाचं होतं. त्या रेघेचा ना वेळेशी संबंध, ना ग्रीडवरच्या ताणाशी. लिफ्ट सगळ्यांच्याच बिलात असते, हे सांगायला हरकतींचा पाऊस पडावा लागला.

२०१९ संपता संपता अंतिम नियम आले तेव्हा रेघ गेली होती. नेट मीटरिंग सगळ्यांना राहिलं, नेट बिलिंग पर्याय म्हणून उरलं. मात्र एक पाचर मारून ठेवली: राज्यातली छतावरची क्षमता ५,००० मेगावॉटला पोचली की ग्रीड वापरण्याबद्दल शुल्क लावता येईल, १० किलोवॉटपर्यंतचे प्लांट त्यातून सुटले. तेव्हा हा आकडा फार दूरचा वाटत होता, पुढे तो जवळ येत गेला. सोसायटीचे प्लांट सहसा १० किलोवॉटच्या वरचे असतात, हे लक्षात घेतलं तर तो वाद मिटवला नव्हता, पुढे ढकलला होता.

वर्षभरातच पुन्हा तेच. २०२० च्या शेवटच्या दिवशी केंद्राने ग्राहक हक्कांचे नियम काढले आणि त्यात १० किलोवॉटपर्यंतच नेट मीटरिंग ठेवलं. नाव हक्कांचं, आणि सोसायट्यांचा हक्क गेलेला. पुन्हा ओरड झाली, जून २०२१ मध्ये मर्यादा ५०० किलोवॉटवर नेली. एवढ्यात ठाण्यातल्या अवाढव्य संकुलांचाही प्रश्न सुटतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली: एक कोटी घरं, ७५ हजार कोटींचा खर्च, तीन किलोवॉटला ७८ हजारांचं अनुदान. जाहिरातीतलं घर मात्र उतरत्या किंवा सपाट छपराचं, एका कुटुंबाचं. सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॉटला १८ हजार, म्हणजे घराच्या मानाने बरंच कमी. पाचव्या मजल्यावरच्या सभासदाने ७८ हजारांची जाहिरात वाचून सेक्रेटरीकडे यावं आणि गच्ची सर्वांची म्हणून त्याला सर्वसाधारण सभेचा ठराव दाखवावा लागावा, असे संवाद तेव्हापासून सुरू आहेत. एका प्लांटची वीज अनेक फ्लॅटच्या मीटरवर वाटून लावायची व्हर्च्युअल नेट मीटरिंगची सोय अशांसाठीच आहे. कागदावर ती आहे. सोसायट्यांच्या अंगवळणी अजून पडलेली नाही.

गच्चीवरचे प्रश्न याहून जमिनीवरचे. नवी मुंबईत सिडकोच्या जुन्या चारमजली इमारतींवर गळतीपायी पत्र्याच्या शेड आल्या आहेत. त्यांचे अँगल पॅनेलचं आणि वाऱ्याचं ओझं पेलतील का हे आधी बघावं लागतं. शेड नसेल तर पॅनेलच्या सांगाड्याचे पाय रोवण्यासाठी स्लॅबला भोक पाडू द्यायला सर्वांत वरच्या मजल्याचे लोक तयार नसतात, म्हणून सिमेंटचे ठोकळे ठेवून त्यांवर सांगाडा उभा करतात. लिफ्ट रूमची सावली दुपारी तीनला दोन ओळींवर येते. आणि लाइट गेली की ग्रीडला जोडलेला प्लांटही बंद पडतो, लाइनवर काम करणाऱ्याच्या जिवासाठी तसं करावंच लागतं. हे पहिल्यांदा कळलं की कमिटीवर एक तरी शिवी ठरलेली.

२०२५ च्या सुरुवातीला वाद पुन्हा उकरला गेला, पण या वेळी युनिटांऐवजी घड्याळावरून. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या सौर तासांत तयार झालेली वीज त्याच तासांतल्या वापरातून वळती करायची, संध्याकाळच्या नाही, असा वितरण कंपनीच्या दरप्रस्तावाचा रोख होता. घरगुती ग्राहकांना याची झळ नाही असं कंपनीने सांगितलं. सोसायट्यांचा विश्वास लगेच बसला नाही, आणि २०१९ चा अनुभव पाहता तो का बसावा? मार्चअखेर आयोगाचा आदेश, लगोलग त्याला स्थगिती, जूनमध्ये फेरविचाराचा आदेश, अशी ती फाइल फिरली. नियम कोणताही टिकला तरी दिशा दिसते आहे: दुपारची वीज स्वस्त, संध्याकाळची महाग.

काही सोसायट्यांनी त्यानुसार पंपाची वेळ बदलली आहे. पालिकेचं पाणी पहाटे आलं तरी ते तळटाकीत पडतं. वरच्या टाकीत चढवायचं काम दुपारी बाराला करता येतं, वॉचमनला एक टायमर लावून दिला की झालं. लिफ्टला हे जमत नाही, तिची गर्दी सकाळी आठला आणि संध्याकाळी सातला. पार्किंगमधल्या इलेक्ट्रिक गाड्या तर रात्रीच चार्जिंगला लागतात, आणि त्यांची संख्या दर सभेला वाढलेली असते. पुढच्या वर्षी कॉमन मीटरवरचा वाद बहुधा त्यांच्या बिलावरून होईल.