डिंगलमधलं खाणं, पिणं, राहणं: यामागचा इतिहास

बँक हॉलिडे जवळ आला की डब्लिन-कॉर्कमधल्या आपल्या मंडळींचे प्रश्न सुरू होतात, डिंगलला (आयर्लंडच्या नैऋत्येला केरी काउंटीतलं बंदराचं गाव) कुठे जेवायचं, कुठल्या पबमध्ये बसायचं, रूम कुठे मिळेल. उत्तरात चार-पाच ठरलेली नावं येतात आणि ती चांगलीच असतात. पण जेमतेम दोन हजार वस्तीच्या गावात इतके पब, इतकी दर्जेदार रेस्टॉरंट्स आणि दर दुसऱ्या घरावर बी अँड बीची (राहत्या घरातली भाड्याची खोली आणि सकाळचा नाश्ता) पाटी हे कसं झालं, आणि ह्याच गावातले लोक गावाच्या नावासाठी सहा वर्षं सरकारशी का भांडले, हे कुणी सांगत नाही. म्हणून हे लिहितोय.

फार मागे जायला नको. मध्ययुगात हे मोठं बंदर होतं, स्पेनशी व्यापार होता, इथून यात्रेकरू तिथल्या सॅन्टियागो या तीर्थक्षेत्राला जायचे, नंतर काही काळ लिननचा धंदा चालला. पुढे मासेमारी आणि जनावरांचा बाजार एवढंच उरलं. ट्रॅली या जवळच्या शहरातून येणारी छोटी रेल्वे १८९१ ला सुरू झाली, तिची प्रवासी गाडी १९३९ ला बंद पडली आणि शेवटी शेवटी ती फक्त महिन्याच्या जनावरांच्या बाजारासाठी धावायची, १९५३ ला तीही संपली.

हा बाजार लक्षात ठेवा, कारण डिंगलचे पब त्यातून आलेत. डोंगरापलीकडून गुरं घेऊन आलेल्या शेतकऱ्याला एकाच फेरीत खिळे, बूट, पीठ सगळं घ्यायचं असायचं आणि सौदा झाला की एक पाइंटही. म्हणून दुकान आणि बार एकाच खोलीत. मेन स्ट्रीटवरच्या फॉक्सी जॉन्समध्ये एका बाजूला हार्डवेअर आणि दुसऱ्या बाजूला गिनेस, किंवा ग्रीन स्ट्रीटवर चर्चसमोरच्या डिक मॅक्समध्ये चामड्याच्या वस्तूंचा काउंटर आणि समोर दारूचा, हे टुरिस्टसाठी केलेलं डेकोरेशन नाही, तशीच ती दुकानं होती. आणि ती टिकली ह्याला कायदाही कारण आहे. १९०२ पासून आयर्लंडमध्ये पबचं नवं लायसन्स जवळजवळ मिळतच नाही, नवा पब काढायचा तर आधी जुनं लायसन्स विकत घेऊन ते रद्द करावं लागतं. त्यामुळे जुनं लायसन्स ही घराण्याची इस्टेट झाली. २००४ ला पबमध्ये सिगारेट बंद झाली, २०११ ला ड्रिंक-ड्राइव्हची मर्यादा ८० वरून ५० मिलिग्रॅमवर आली, आणि खेड्यातल्या वाटेवरच्या एकट्या पबचं गिऱ्हाईक आटलं, गावात जिथे चालत रूमवर जाता येतं तिथले पब तगले. २०१८ पर्यंत तर गुड फ्रायडेला सगळे पब कायद्यानेच बंद असायचे, हॉटेलात उतरलेल्याला जेवणाबरोबर तेवढी मिळायची.

राहण्याची सोय मात्र वेगळ्या वाटेने आली. हा भाग गेलटाक्ट, म्हणजे आयरिश भाषा रोज बोलली जाते असा सरकारने ठरवलेला प्रदेश. उन्हाळ्यात शहरातली मुलं भाषा शिकायला येतात आणि कुणाच्या तरी घरी राहतात, घरातली बाई त्यांचं खाणंपिणं बघते आणि त्याचं सरकारी अनुदान मिळतं. घर पाहुण्यांसाठी उघडायची सवय होतीच. त्यात १९६९ ला एका मोठ्या इंग्लिश सिनेमाचं युनिट आलं, डंक्विनजवळ दगडी घरांचं आख्खं नकली गाव उभं केलं आणि कित्येक महिने शूटिंग चाललं. युनिटची माणसं गावात राहिली, जेवली, गावकऱ्यांना रोजगार मिळाला आणि ज्यांच्याकडे एक खोली रिकामी होती त्यांना कळलं की ती खोली पैसे देते. सिनेमा पाहून लोक आले, ७० च्या दशकात जॉन स्ट्रीटवर ताज्या माशांचं रेस्टॉरंट निघालं, बोटीतून उतरलेला मासा पहिल्यांदाच बाहेर न जाता तिथेच चांगल्या भावाने खपायला लागला. आणि १९८३ ला बंदराच्या तोंडाशी एकटाच एक डॉल्फिन येऊन राहिला, फंगी, त्याच्यामुळे पुढची सदतीस वर्षं बोटवाल्यांचा धंदा चालला, दिसला नाही तर पैसे परत.

आता नावाचं प्रकरण. ह्याच्यावर थोडं जास्त लिहिणार आहे, कारण बाहेर हे ‘इंग्लिशधार्जिण्या दुकानदारांचं भांडण’ म्हणून सांगितलं जातं आणि मला ते अन्यायाचं वाटतं.

२००५ च्या मार्चमध्ये सरकारी आदेश लागू झाला, गेलटाक्टमधल्या गावांची इंग्लिश नावं कायद्याने रद्द. रस्त्यावरच्या पाट्या, सरकारी नकाशे, कायदे, सगळीकडे फक्त आयरिश नाव. डिंगलचं झालं ‘अन डँग्यन’. खाजगी पाटीवर काहीही लिहा, त्याला बंदी नव्हती. पण तेव्हा कुणाच्या खिशात मॅप नव्हता, शॅनन विमानतळावर भाड्याची गाडी घेतलेला अमेरिकन हातातल्या कागदी नकाशात डिंगल शोधणार आणि ट्रॅलीबाहेर पाटीवर त्याला दुसरंच काहीतरी दिसणार. वर ऑफली काउंटीत डँग्यन नावाचं आणखी एक गाव आहेच. आणि सगळ्यात खटकणारी गोष्ट, गावातले आयरिश बोलणारे लोक लांब नाव घेतात, डँग्यन ई खूश. म्हणजे सरकारने इंग्लिश नाव काढलं आणि आयरिश नावही अर्धंच दिलं! लोकांनी पाट्यांवर स्वतः डिंगल लिहून टाकलं.

भाषेच्या बाजूचं म्हणणंही खरं आहे. आयरिश दर पिढीला आक्रसतेय, पाटीवर दोन नावं असली की इंग्लिशच वाचलं जातं, आणि बाकीच्या गेलटाक्ट गावांनी हाच आदेश मान्य केला होता, मग एकालाच सूट का. पण २००६ ला गावात मतदान झालं तेव्हा मतपत्रिकेवर आयरिश हटवायचा पर्याय नव्हताच, दोन्ही नावं हवीत का एवढाच प्रश्न होता, आणि ९० टक्क्यांहून जास्त लोकांनी हो म्हटलं. मतमोजणीच्या आधीच संबंधित मंत्र्यांनी सांगून टाकलं की निकाल अंमलात येणार नाही, वर गेलटाक्टचा दर्जाही जाऊ शकतो अशी गोष्ट काढली. दर्जा गेला असता तर अनुदान गेलं असतं, म्हणजे ज्या घरांत मुलं आयरिश शिकायला राहतात त्याच घरांवर घाव. भाषा वाचवायची म्हणून भाषा बोलणाऱ्या घराला धमकावायचं हे मला अजून पटलेलं नाही. शेवटी २०११ ला कायद्यातच दुरुस्ती करून इंग्लिशमध्ये डिंगल आणि आयरिशमध्ये डँग्यन ई खूश असं ठरलं. गाव जे पहिल्यापासून मागत होतं तेच.

त्यानंतरच्या काळात नावाची खरी किंमत दिसली, कारण आता डिंगल हा बाटलीवरचा शब्द झाला. २०१२ ला गावाबाहेरच्या जुन्या सॉ-मिलमध्ये डिस्टिलरी सुरू झाली. आयरिश व्हिस्कीला कायद्याने निदान तीन वर्षं लाकडी पिंपात ठेवावं लागतं, तोवर त्यांनी जिन आणि व्होडकावर भागवलं. त्याआधी २००० मध्ये इथेच सुरू झालेलं आइस्क्रीम, त्यात केरी जातीच्या काळ्या गाईंचं दूध आणि डिंगलच्या समुद्राच्या पाण्यातून काढलेलं मीठ, तेही गावाच्याच नावावर मोठं झालं. सणाच्या आणि बाजाराच्या दिवशी मटणाच्या रश्शाबरोबर खायची जुनी मटण पाई (पिठाच्या पारीत मटण भरून केलेली) परत मेन्यूत दिसायला लागली, मांसाहार करत असाल तर ती सोडू नका. शाकाहारी लोकांचं आता बरं आहे, पूर्वी सूप आणि ब्राउन ब्रेडवर भागवावं लागायचं.

फंगी २०२० च्या ऑक्टोबरपासून दिसला नाही, तेव्हा कोविडही होता, सगळ्यांना वाटलं आता गाव बसणार. तसं झालं नाही. अडचण आली ती खोल्यांची. २०२२ पासून केरी काउंटीतल्या बऱ्याच हॉटेलांत आणि गेस्टहाउसमध्ये युक्रेनहून आलेल्या लोकांना ठेवलं गेलं, ते योग्यच होतं, पण टुरिस्टसाठी बेड कमी आणि महाग झाले. जुन्या बी अँड बीवाल्या बायका म्हाताऱ्या झाल्या, पुढची पिढी तेच घर ॲपवर आख्खं भाड्याने देते, नाश्ता नाही, गप्पा नाहीत. आणि जी मुलं रेस्टॉरंटमध्ये काम करतात त्यांना गावात राहायला घर मिळत नाही, म्हणून काही ठिकाणं ऐन सीझनमध्येही आठवड्याचे एक-दोन दिवस बंद असतात. ऑगस्टला जायचं असेल तर आधी रूम पक्की करा, मग जेवायच्या जागेला फोन करून त्या दिवशी उघडं आहे का ते विचारून घ्या, आणि जिथे मालकीण अजून स्वतः नाश्ता करून वाढते असं घर मिळालं तर तेच घ्या.