तार धरणारं वंगण

"गुडघ्यातलं वंगण संपलंय? जेलचं इंजेक्शन घ्या, ऑपरेशन टाळा!" रिक्षाच्या पाठीवरची ही जाहिरात वाचून शेजारच्या काकूंनी मला गाठलं. "मागच्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, गुडघ्यात पाणी झालंय. आता हे म्हणतात वंगण संपलं. खरं काय धरायचं?"

काकूंची शंका रास्त आहे. झिजलेल्या गुडघ्यातला द्रव आटत नाही, पुष्कळदा वाढतोच. जातो तो त्याचा चिकटपणा. निरोगी सांध्यातला थेंब सुईच्या टोकावरून सोडला, तर एकतारी पाकासारखी चार ते सहा सेंटिमीटर तार धरतो. ही करामत हायलुरोनिक आम्लाची. 1934 मध्ये कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी ते गुरांच्या डोळ्यांतून वेगळं काढलं. दोनच शर्करा आलटूनपालटून ओवलेली ही माळ, पण एकेका माळेत असे हजारो जोड! या माळांच्या गुंत्यात पाणी अडकून राहतं. सावकाश चाललात तर माळा एकमेकींवरून सरकतात आणि द्रव वाहतो. जिना उतरताना दणका बसला, की त्यांना सुटायला वेळच मिळत नाही. मग तोच द्रव रबरासारखा दबतो आणि परत उसळतो. सांधा झिजला की माळा तुटून आखूड होतात आणि ही उसळी जाते.

मग बाहेरून लांब माळा भरल्या तर? कोंबड्याच्या तुऱ्यातून किंवा जिवाणूंकडून मिळवलेलं जेल म्हणजे तेच. (पायाचं सूप पिऊन मात्र काही गुडघ्यात उतरत नाही, ते पोटातच पचतं.) पण सांधा आपला द्रव सतत बदलतो, भरलेलं जेल काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत निघून जातं. 2022 मध्ये 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आढाव्यात मोठ्या चाचण्या एकत्र तपासल्या. वेदनेच्या 100 च्या पट्टीवर जेल आणि खोटं (औषध नसलेलं) इंजेक्शन यांत फरक निघाला सुमारे 2 चा. रुग्णाला जाणवायला साधारण 9 तरी लागतो.

दुसरं इंजेक्शन स्टिरॉइडचं, म्हणजे सूज उतरवणाऱ्या औषधाचं. त्याने सांध्याचं सुजलेलं अस्तर शांत होतं, काही आठवडे बरे जातात. पण 2017 च्या एका अमेरिकी चाचणीत दर तीन महिन्यांनी दोन वर्षं ते टोचलं, तर कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) जास्त पातळ झाली आणि दुखणं मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनइतकंच राहिलं.

काकूंचा एक्स-रे उजेडात धरून पाहिला. गुडघ्याच्या आतल्या बाजूला फटच नाही, हाडाला हाड टेकलंय. वंगण घालायचं ते दोन पृष्ठभागांच्या मध्ये, आणि इथे कूर्चेचा पृष्ठभागच उरलेला नाही. "म्हणजे वाटीच बदलायची ना?" काकूंनीच विचारलं.