जुन्या गेममध्ये माउस का रुसतो?

चवथीला गावच्या घरी भावंडं जमली, आरत्या-फुगड्या आटोपल्या की कुणीतरी लॅपटॉप उघडतं आणि सेलमध्ये पडत्या भावात घेतलेला एखादा जुना कन्सोल गेम सुरू होतो. पाच मिनिटांत तक्रार ठरलेली: "काका, माउस खराब झालाय." बाजारात विचारलं तर दुकानदार १६,००० डीपीआयचा (इंचभर सरकला की माउस किती काउंट, म्हणजे बारीक पावलं, मोजतो तो आकडा) गेमिंग माउस गळ्यात मारायला तयारच. गंडादोरा निदान स्वस्त तरी पडतो!

माउस बहुधा ठणठणीत असतो. गडबड गेममध्ये आहे. कन्सोलच्या कंट्रोलरवरची, अंगठ्याने कलवायची स्टिक म्हणजे नळाची चावी: जितकी उघडाल तितकी मोठी धार. स्टिक किती कलली यावर कॅमेरा किती वेगाने फिरेल ते ठरतं. माउस म्हणजे मापटं: ओतलं तेवढंच पाणी. हात किती सरकला, एवढंच तो सांगतो. पीसीवर गेम आणताना वेळ वाचवायला अनेक गेम बनवणाऱ्यांनी माउसच्या हालचालीतूनच खोटी स्टिक तयार केली.

आता हिशेब बघा. ८०० डीपीआयचा माउस दोन इंच सरकवला की १,६०० काउंट पडतात. गेम सेकंदाला ३० फ्रेमने, म्हणजे ३० चित्रांनी, चालतोय. हात ०.१ सेकंदात झटकलात तर हे काउंट तीन फ्रेममध्ये वाटले जातात, दर फ्रेमला सुमारे ५३३. समजा २०० काउंटलाच खोटी स्टिक पूर्ण कलते. मग मोजले गेले ६००, उरलेले हजार हवेत. तेच दोन इंच सावकाश एका सेकंदात सरकवा, दर फ्रेमला जेमतेम ५३ काउंट, म्हणजे सगळे मोजले जातात. अंतर तेच, वळण वेगळं. हाताला सवय लागणार कशी? डीपीआय वाढवलात तर ती मर्यादा आणखी लवकर गाठली जाते.

भरीस भर डेड झोनची. स्टिकची स्प्रिंग नेमकी मध्यावर परतत नाही, म्हणून मध्याजवळचं वाचन शून्य धरतात. एक्सइनपुटमध्ये (कंट्रोलर वाचायची विंडोजची सोय) उजव्या स्टिकसाठी सुचवलेला आकडा ३२,७६७ पैकी ८,६८९ आहे, चौथाईहून जास्त! माउसला स्प्रिंगच नाही, तरी बारीक नेम धरताना त्याची हालचाल यात गडप होते.

२००७चा पीसीवरचा 'रेसिडेंट ईव्हिल ४' तर माउसला ओळखतच नव्हता. चाहत्यांनीच मॉड, म्हणजे गेमचं वागणं बदलणारे जोडप्रोग्राम, लिहिले. अशा मॉडची एक युक्ती अशी: गेमच्या फोल्डरमध्ये डिनपुट८ नावाची डीएलएल (गेम सुरू होताना वापरतो ती प्रोग्रामची फाइल) ठेवायची. विंडोजच्या मूळ फाइलऐवजी गेम तीच उचलतो. मग मेमरीत कॅमेऱ्याचा कोन कुठे साठवलाय ते हुडकायचं आणि रॉ इनपुटमधून, म्हणजे माउसकडून जसेच्या तसे, आलेले काउंट संवेदनशीलतेने गुणून थेट त्या कोनात मिळवायचे. खोटी स्टिक बाजूला पडते, डेड झोनही.

मात्र ऑनलाइन सामन्यात हे करू नका. चीट लिहिणारेही याच वाटेने मेमरीत शिरतात. चीट पकडणाऱ्या अँटी-चीट प्रोग्रामला तुमचा हेतू कळत नाही, खातं बंद होऊ शकतं. आणि कुठलीही अनोळखी डीएलएल अँटीव्हायरस बंद करून चालवायची नाही, मग भाचा कितीही हट्ट धरो.