न्यूरोडायव्हर्जंट संगीतकार

स्वमग्नता (ऑटिझम), एडीएचडी (अवधान टिकवण्यातील अडचण व अतिचंचलता), डिस्लेक्सिया (वाचनातील अडचण), टुरेट संलक्षण (अनैच्छिक हालचाली व आवाज) यांसारखी, मेंदूची वेगळी जडणघडण असलेले गायक, वादक व संगीतरचनाकार. न्यूरोडायव्हर्सिटी, म्हणजे मेंदूच्या जडणघडणीतील वैविध्य, या संकल्पनेचे श्रेय दीर्घकाळ ऑस्ट्रेलियन समाजशास्त्रज्ञ जूडी सिंगर यांच्या १९९८ मधील प्रबंधाला दिले गेले. अमेरिकी पत्रकार हार्वे ब्लूम यांचा या विषयावरील लेखही त्याच वर्षीचा. तथापि १९९० च्या दशकात स्वमग्न व्यक्तींच्या आपसांतील चर्चांतून ती सामूहिकपणे घडली, हे अलीकडचे मत अधिक ग्राह्य वाटते.

आधारस्वराशिवाय स्वर ओळखणारे निरपेक्ष स्वरज्ञान स्वमग्न व्यक्तींत अधिक प्रमाणात आढळते. त्याचे कौतुक फार होते, तालमीतला काच क्वचितच सांगितला जातो. बरोक (सतराव्या-अठराव्या शतकांतील युरोपीय) संगीत वाजवणारे वाद्यवृंद ‘ए’ हा स्वर आजच्या प्रमाण ४४० ऐवजी बहुधा ४१५ हर्ट्झला लावतात, म्हणजे सारे संगीत जवळजवळ अर्धस्वर खाली उतरते. कागदावर एक स्वर आणि कानावर दुसरा, अशी ओढाताण होते. गायकाला अर्धस्वर उतरवून छापलेली प्रत देता येते. वादकाची बोटे लिखित स्वराशी बांधलेली असल्याने त्याला ती उपयोगाची नाही. त्या पट्टीतले ध्वनिमुद्रण आधी द्यावे लागते.

डिस्लेक्सिया असलेल्या काहींना पाश्चात्त्य स्वरलेखनातील पाच रेषा सरकल्यासारख्या दिसतात; स्वर रेषेवर आहे की दोन रेषांमध्ये, हेच ठरत नाही. ए४ प्रत १४१ टक्के वाढवून ए३ वर, शक्यतो फिकट पिवळसर कागदावर छापतात. रंगीत पारदर्शक पट्ट्यांच्या उपयोगाबद्दलचा पुरावा कमकुवत आहे. आकार आणि मोकळी जागा यांवर भर द्यावा. मोठा कागद स्टँडवर वाकतो, म्हणून मागे पुठ्ठा लागतो. पाने वाढतात, तेव्हा पान उलटण्याची जागा वादकाच्या विरामावर येईल अशी मांडणी हवी.

ध्वनिसंवेदनशील वादकाला ब्रास वाद्यांच्या (ट्रम्पेटसारख्या, फुंकून वाजवायच्या पितळी वाद्यांच्या) थेट पुढे बसवू नये. फोमचे कानबोळे उच्च कंप्रता जास्त अडवतात आणि स्वतःचा सूर झाकोळतो. सर्व कंप्रता साधारण १५ डेसिबलने सारख्याच उतरवणारे फिल्टरचे बोळे बरे; सुषिर वाद्य फुंकताना मात्र तेही डोक्यात घुमतात.

एडीएचडी असलेल्या रचनाकाराला एकच दूरची मुदत देण्याऐवजी आराखडा, कच्चा मसुदा, अंतिम प्रत असे टप्पे ठरवून देणे आणि तोंडी सुचवलेले बदल त्याच दिवशी लिहून पाठवणे सोयीचे पडते. निवडचाचणीत प्रथमदर्शनी वाचनाचा (पूर्वी न पाहिलेली स्वरलिपी पाहताक्षणी वाजवण्याचा) तुकडा आधी पाहायला देण्यास कधी कधी विरोध होतो. पण त्या पदाच्या कामात असे वाचन क्वचितच लागत असेल, तर तो निकष गैरलागू ठरतो.