पार्श्वभूमी : ‘धोंडो’ हे नाव आलं कुठून आणि गेलं कुठे

मुलांच्या नावांच्या हल्लीच्या याद्यांमध्ये ‘धोंडो’ जवळपास दिसत नाही. चुकून कुठे दिसलंच, तर पुढे अर्थ दिलेला असतो ‘गणपती’ किंवा ‘धुंडिराजाचं लघुरूप’. अर्थ सोज्वळ आहे, ऐकायलाही बरा वाटतो. पण हे नाव घरोघरी होतं त्या काळातल्या माणसांना अशा सारवासारवीची गरज वाटत नव्हती. धोंडो म्हणजे धोंडा. दगडू, दगडोबा ही त्याचीच भावंडं.

आधीची दोन-तीन मुलं दगावली की पुढच्याला गोंडस नाव द्यायचं नाही, ही रीत जुनी आहे. सटवाईनं कपाळी काय लिहिलंय ते बदलता येत नाही, पण निदान नजर तरी चुकवता येते, असा त्यामागचा हिशेब. बाळाला सुपात घालून उकिरड्यावर क्षणभर ठेवायचं आणि दुसरीकडून उचलून आणायचं. कुणा बाईला देऊन मूठभर कोंड्याच्या मोलानं परत विकत घ्यायचं. नाक टोचून मुलीसारखं वाढवायचं. या सगळ्यांची नावं झाली : उकिर्डा, केरू, कचरू, कोंडिबा, भिकाजी, नथू. धोंडोमध्ये आणखी एक आशा मिसळलेली आहे. केर फेकला जातो, भीक संपते, धोंडा मात्र जागेवर राहतो. मूल राहावं एवढंच मागणं होतं.

नावाच्या शेवटचा ‘ओ’ शिवकाळात आणि पेशवाईत सर्रास भेटतो. मोरोपंत, निळोपंत, अण्णाजी दत्तो, सगळे त्याच ठशाचे. जात आणि मान बदलला की शेपूट बदलायचं : ब्राह्मणाघरी धोंडो किंवा धोंडोपंत, मराठा-कुणब्यांत धोंडजी, धोंडिबा, धोंडिराम, आणि हाताखालच्या गड्याला नुसतं धोंड्या. बायकांत धोंडूबाई, धोंडूताई. शास्त्रीय संगीतातल्या धोंडूताई कुलकर्णी २०१४ पर्यंत आपल्यात होत्या, त्यामुळे निदान बायकांचं रूप तरी पुष्कळांच्या कानावरून गेलेलं आहे.

हे नाव किती स्तरांत पसरलं होतं ते १८०० सालच्या एका प्रसंगात दिसतं. श्रीरंगपट्टण पडल्यावर टिपूच्या कैदेतून सुटलेला धोंडजी वाघ फौज जमवून कर्नाटकात धुमाकूळ घालत होता. इंग्रजांबरोबर त्याच्या पाठलागावर निघालेले मराठी सरदार होते धोंडोपंत गोखले, पुढे खडकी-अष्टीच्या लढायांमुळे नावाजलेल्या बापू गोखल्यांचे चुलते. जूनअखेर कित्तूरच्या बाजूला वाघानं गोखल्यांना गाठून मारलं आणि सप्टेंबरात इंग्रजी घोडदळानं वाघाला मारलं. एका धोंड्याच्या हातून दुसरा धोंडा गेला. एक चित्पावन सरदार, एक बंडखोर शिलेदार, आणि दोघांच्याही पाळण्यावर एकच नाव.

आता त्या धुंडिराजाच्या गुंत्याकडे. धुंडिराज हा काशीचा गणपती, विश्वनाथाच्या दाराशी बसलेला. मूळ रूप ‘ढुण्ढिराज’, आणि काशीखंडात त्याची फोड ‘शोधणे’ या अर्थाच्या धातूवरून दिली आहे. मराठीतलं ‘धुंडणं’ त्याच गोतावळ्यातलं. हे नाव विद्वानांच्या घरात मानाचं होतं. तंजावरच्या मराठी दरबारात ‘मुद्राराक्षस’ या संस्कृत नाटकावर टीका लिहिणारे पंडित धुंडिराज होते, आणि १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरी जन्मलेले, भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून ओळखले जाणारे फाळकेही धुंडिराजच. तेव्हा ही दोन नावं शेजारी-शेजारी नांदली यात शंका नाही. प्रश्न एवढाच, की एकातून दुसरं निघालं का?

कोशकार मंडळी आणि नावांची पुस्तकं काढणारे यांच्यात इथे दोन तट आहेत. एक म्हणतो, धुंडिराजाचं घरगुती रूप धोंडो, जसं मोरेश्वराचं मोरो. दुसरा म्हणतो, धोंडो आधी, आणि शाळेच्या दाखल्यावर बरं दिसावं म्हणून धुंडिराज नंतर चिकटवलेला. काही घरांत दोन्ही झालं असेलच. पण लोकांच्या मनात ही नावं वेगळी होती, याचा पुरावा आद्याक्षरांतच पडलेला आहे. महर्षी धोंडो केशव कर्व्यांच्या थोरल्या मुलाची सही-ओळख ‘र. धों. कर्वे’, आणि पुण्यातले तत्त्वज्ञ धुंडिराज विनोद हे ‘धुं. गो. विनोद’. एकाचा ‘धों.’, दुसऱ्याचा ‘धुं.’. छापखान्यातल्या खिळे जुळवणाऱ्यानंही ही सरमिसळ केली नाही. ज्या भाषेत माणूस आद्याक्षरांनीच ओळखला जातो तिथे हा उकार-ओकाराचा फरक किरकोळ नसतो.

सरमिसळ केली ती इंग्रजी लिपीनं. बिठूरच्या नानासाहेब पेशव्यांचं नाव धोंडोपंत. १८५७ नंतर त्यांना पकडून देणाऱ्याला लाख रुपये जाहीर झाले, आणि इंग्रजी कागदांत हा इसम कुठे धोंडू पंत, कुठे धुंडू पंत, कुठे धूंदू पंत असा हिंडतो. त्या कागदांवरून पुढे हिंदीत आणि परत मराठीत आलेल्या लेखनात ‘धुंधूपंत’ पक्कं होऊन बसलं. याद्यांमधल्या अर्थाचा उगम मला तरी काशीपेक्षा या स्पेलिंगांत जास्त दिसतो.

तिसरी एक व्युत्पत्तीही सांगतात : धोंड्याच्या महिन्यात, म्हणजे अधिक मासात, जन्मलेला तो धोंडो. जावयाला वाणात अनारसे द्यायचे, पुरण भरलेले धोंडे जेवायला वाढायचे, तो हा महिना. काही घरांत असं घडलंही असेल, पण तीनेक वर्षांतून एकदा येणाऱ्या महिन्यानं एवढे धोंडो पुरवले असतील हे पटत नाही.

‘वाईट नावं ठेवण्याची अंधश्रद्धा’ या शीर्षकाखाली धोंडो आणि नकोशी एकत्र बांधणंही चूक आहे. सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये अडीचशेहून अधिक ‘नकोशीं’ना समारंभपूर्वक नवी नावं दिली गेली, ते योग्यच झालं. पण नकोशी हे नाव मूल नको म्हणून ठेवलेलं, धोंडो हे मूल हवं म्हणून. मुलाला दगड म्हणायचं ते जिवाच्या आकांतानं, मुलीला नकोशी म्हणायचं ते तोंड फिरवून. या दोन रिती एका रकान्यात बसत नाहीत.

नाव मागे पडलं ते का, याचं नेहमीचं उत्तर म्हणजे बालमृत्यू घटले. ते अर्धं खरं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला देशात जन्मलेल्या हजारांतली दोनशेच्या आसपास मुलं वर्षाच्या आत जात. २०२० च्या सरकारी आकड्यांत हे प्रमाण देशात २८ आणि महाराष्ट्रात १६ आहे. नजर चुकवण्याची निकड उरली नाही. पण दगडू, केरू, कचरू ही नावं लसी आल्यानंतरही बराच काळ चालत राहिली, आणि धोंडो त्यांच्या आधी पांढरपेशा घरांतून हद्दपार झाला.

माझ्या मते खरं कारण हाकेत आहे. जुन्या धोंडोंना धोंडो म्हणून हाक मारत होतं कोण? १८५८ मध्ये जन्मलेले, हिंगण्याला विधवांसाठी आश्रम आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभं करणारे महर्षी हे सगळ्यांचे अण्णा. बिठूरचे पेशवे नानासाहेब. खरं नाव कागदावर आणि संकल्पात, हाकेला अण्णा, नाना, तात्या, दादा. असं झाकण असलं की खालचं नाव कितीही खडबडीत चालतं. हजेरीपट, नोकरी आणि चाळीतल्या बिऱ्हाडांनी ते झाकण काढलं. वर्गात सर ‘धोंडो’ म्हणाले की मागच्या बाकावर खसखस पिकणारच. १९५८ मध्ये शंभरीतल्या महर्षींना भारतरत्न मिळालं, त्यांच्या हयातीत त्यांचं टपाल तिकीट निघालं, घरोघरी त्यांचं नाव गेलं, पण त्या कौतुकातून धोंडो नावाची लाट काही आली नाही. मुलींना शिकवायचं ते कर्व्यांकडून घेतलं, नाव नाही घेतलं.

त्यानंतर धोंडो उरला तो मधल्या जागेत, वडिलांचं नाव म्हणून. पन्नास-साठच्या दशकांत जन्मलेल्या कोकणातल्या आणि घाटावरच्या पुष्कळांच्या नावात तो धोंडू, धोंडिबा, धोंडिराम होऊन आहे, आणि ते लोक तो इंग्रजी ‘डी’मध्ये घालून सही करतात. पुढच्या पिढीच्या नावात तो आपोआप गळतो. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची पद्धत होती तेव्हा तो फिरून वर यायचा. आता बारशाला आत्यानं कानात काहीही सांगितलं तरी जन्मदाखल्यावर चढतं ते आधीच ठरलेलं नाव. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर मुलाचं, आईचं, वडिलांचं नाव आणि मग आडनाव असा क्रम झाला आहे. त्यातही आजोबांना जागा नाही.